धोंड्याच्या महिन्यातली मासेमारी

भिलाई हे ठरवून वसवलेलं गाव. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत रशियाशी करार झाला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत वर्षाला दहा लाख टन पोलादाचा आकडा धरला गेला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. भाताच्या बांध्यांत एवढं प्रकरण उभं राहिलं, कारण ते आधी कागदावर उभं राहिलं होतं. पुढच्या दोन पिढ्यांच्या स्वभावावर याचा परिणाम व्हायचा तो झालाच. इथला माणूस वांगी आणायला निघाला तरी आधी बैठक घेतो. बैठक इतकी सांगोपांग होते की वांगी आणण्यात मग कोणाला रस उरत नाही.

आम्ही राहतो बोरसीला. बोरसी म्हणजे पत्ता सांगताना दुर्ग आणि बढाई मारताना भिलाई. प्लांटमधली नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. सेक्टरमधल्या परसातला आंबा, शेवगा, लिंबू पुढच्या माणसाच्या हवाली करून निवृत्त मंडळी रिसाली, पद्मनाभपूर, बोरसी अशी पसरली. चाळीस-चाळीस वर्षं मेगा शटडाऊनच्या योजना आखलेले लोक एका गल्लीत गोळा झाले आणि त्यांच्यापाशी आखायला काही उरलं नाही, तर ते काय करतील? ते उन्हाळ्यात मासे धरायला जायचा बेत करतात.

मासे धरण्याच्या खेळात सगळ्यात कमी महत्त्वाचा घटक मासा असतो, असं माझं जुनं मत आहे. मे महिन्यातल्या इथल्या दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. कुत्री नालीत बसतात आणि माणसं कूलरसमोर. अशा दुपारी पाणी, सावली, गारवा हे शब्द नुसते उच्चारले तरी बरं वाटतं. तळ्याच्या गप्पा मारायला तळ्यावर जावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

आमच्या समितीत मुख्य माणसं तीन. रेल मिलवाले काका मूळचे भंडाऱ्याचे. तलावांच्या जिल्ह्यातून आल्यामुळे जगातले यच्चयावत तलाव आपल्याच वाडवडिलांनी खणले, अशा सुरात ते बोलतात. कोक ओव्हनवाले दादा बंगाली. त्यांच्याकडे मासेमारीचं शास्त्रही आहे आणि ते शास्त्र गुप्त ठेवायची कलाही. तिसरे नागपूरचे अकाउंट्सवाले, ज्यांनी नदीतल्या माशाचा उत्पादनखर्च दर किलोला काढून दाखवला आहे आणि तो बाजारभावाच्या कितीतरी पट येतो हे सिद्ध केलं आहे. त्यामुळे ते प्रत्येक बैठकीला न चुकता येतात.

यंदा, 2026 साली, बेताला खरी चालना दिली आमच्या जावईबापूंनी. ते टेक्सासला असतात आणि फावल्या वेळात बास नावाचा मासा धरतात. तिकडे त्याला आधी परवाना लागतो, दिवसाला पाचच मासे ठेवायचे असतात, चौदा इंचांच्या आतला परत पाण्यात. तेरा पौंडांच्या वर भरला तर सरकारच म्हणतं, आम्हाला द्या, आम्ही त्याची पैदास करतो; ही योजना 1986 पासून चालू आहे. हे सगळं त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि शेवटी विचारलं, “बाबा, तिकडच्या लेकमध्ये बास असेल ना?”

हा प्रश्न मी बैठकीत मांडला. रेल मिलवाले काका म्हणाले, असेल, नाव वेगळं असेल. दादांनी डोळे मिटून मान हलवली, ज्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. उत्तर आलं ते चहा घेऊन आलेल्या आमच्या सौ.कडून. तिचं माहेर अलिबागचं. “बास म्हणजे आमचा जिताडा,” ती म्हणाली. “खाडीतला, नाहीतर खारातल्या तळ्यात वाढवलेला. रायगडात साहेबाला खूश करायचं तर जिताडा, आणि जावई घरी आला तर जिताडा. तुमच्या या डबक्यात कुठला येतोय?”

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्या भेटीत काय वाढलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. ती कोलंबी होती. पण तो विषय मी बैठकीत काढला नाही.

पुढे चौकशीअंती असं निघालं की जिताड्याला इंग्रजीत बास म्हणतात हे खरं, पण टेक्सासचा बास त्याच्या भावकीतला नाही. तो तिथल्या गोड्या पाण्यातल्या सनफिश कुळातला. पाणवनस्पतींत दबा धरून बसायचं आणि बेडूक, उंदीर, बदकाचं पिल्लू, जे वरून जाईल त्यावर झडप घालायची, हा त्याचा धंदा. जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 1932 च्या जूनमध्ये बावीस पौंड चार औंसांचा बास धरला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, आणि तीही झाली जपानच्या बिवा सरोवरात. रेल मिलवाल्या काकांना पेरीचा मासा मोजला कोणी, हीच चिंता. मासे धरणाऱ्याला जो गुण जन्मजात हवा, म्हणजे दोन हातांमधलं अंतर वाढवत नेण्याचा, तो त्यांच्यात अजिबात नाही. जन्मभर रुळांची तपासणी केलेला माणूस. भिलाईत आता एकसंध 130 मीटरचा रूळ निघतो, आणि त्याच्या मापात चूक झाली तर काय होतं हे ते अजून झोपेतसुद्धा सांगू शकतील. त्यांनी एकदा शिवनाथ नदीत रोहू धरला होता. तो केवढा होता असं विचारलं की ते म्हणतात, “सदतीस सेंटीमीटर. शेपटी धरून.” अशा माणसाची गोष्ट ऐकायला कोण बसणार?

जागेचा प्रश्न तसा सोपा होता, म्हणून तो फार लांबला. दुर्गातला ठगडा बांध सगळ्यात जवळ, पण तिथे आता सहलीची जागा झाली आहे. गळ टाकला तर कोणाच्या तरी सेल्फीत अडकायचा. मरोदा टँक म्हणजे प्लांटचं आणि टाऊनशिपचं पाणी. तिथल्या पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने तिथे गांडूळ बुडवायचं हे कोक ओव्हनवाल्या दादांच्या मनाला पटेना. शिवनाथेवर महमऱ्याचा बंधारा आहे, पण मेमध्ये नदी इतकी रोडावते की मासेच आपल्याकडे दयेने बघतील. उरले बालोदकडचे तांदुळा, गोंदली, खरखरा. तांदुळा इंग्रजी अमदानीतलं धरण. भिलाईच्या नळालाही त्याचं पाणी येतं. विस्तार भव्य, वारा छान, जायला साठेक किलोमीटर. पण तिथे दादांचं शास्त्र आडवं आलं.

दादांच्या शास्त्रात गळ टाकणं ही शेवटची पायरी. त्याआधी ‘चार’ टाकावा लागतो. मोहरीची पेंड भाजून कुटायची, त्यात मेथी, सत्तू आणि आणखी ज्यांची नावं दादा मरेपर्यंत सांगणार नाहीत अशा चार वस्तू मिसळायच्या आणि त्याचे गोळे आदल्या संध्याकाळी ठरलेल्या जागी पाण्यात सोडायचे. रात्रभर वास पसरतो, मासे जमतात, सकाळी त्यांच्यामध्ये आपला गळ. त्या गळाला आमिष लाल मुंग्यांच्या अंड्यांचं. तिकडे बस्तरात त्याच मुंग्यांची चापडा नावाची चटणी करून माणसं खातात, हे सांगितल्यावर दादा म्हणाले, “मग? रोहूला पण जीभ आहे.”

म्हणजे आदल्या संध्याकाळी कोणीतरी साठ किलोमीटर जायचं, पेंडीचे गोळे टाकायचे, परत यायचं आणि पहाटे पुन्हा निघायचं. पेट्रोलचा हिशेब मांडून अकाउंट्सवाल्यांनी रोहूचा दर सुधारून दिला. धरण बाद झालं.

आपण फार बारकाईने विचार करतो असं वाटून कोणाला संकोच होऊ नये, म्हणून मी बैठकीत कल्याणीच्या चालुक्य राजाचा दाखला दिला. तिसरा सोमेश्वर, राजधानी आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ त्याने रचला आणि त्यात राजाने करायच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद हा स्वतंत्र विषय घातला. मासे कुठले, कोणाला काय खायला घालायचं, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा. राज्य चालवता चालवता हे सगळं लिहून काढणारा माणूस आमच्या समितीत सहज सामावला असता. दादांनी एवढंच विचारलं, “त्याने चारची कृती लिहून ठेवली? सगळी?” आणि लिहून ठेवल्याचं कळल्यावर राजा त्यांच्या मनातून उतरला.

शेवटी गाव निवडलं धमध्याच्या बाजूचं. धमधा आपल्याच जिल्ह्यात. ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे एकशे सव्वीस तरिया तिथे होत्या असं परंपरेने सांगतात. तरिया म्हणजे गावतळं. इथल्या गावतळ्यात म्हैस डुंबते, लग्नाचे विधी होतात, आंघोळी, धुणी होतात आणि मासळी वाढते. सगळं एकाच पाण्यात आणि भांडण न होता. पंचायत ही तळी मासळीसाठी गावच्या मच्छीमार समितीला ठेक्याने देते. तेव्हा परवानगी पंचायतीची की त्या समितीची, यावर दोन संध्याकाळी गेल्या. मग आम्ही जाऊन मच्छीमार समितीच्या माणसालाच गाठलं. तो जाळं दुरुस्त करत बसला होता. आमचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि सुईवरची नजर न काढता म्हणाला, “गरी खेले बर? मछरी खाना हे त बजार ले बिसा लव, साहब.”

बाजारातून विकत घ्या! चार निवृत्त तंत्रज्ञांच्या तोंडावर इतकं व्यवहारी वाक्य कोणी फेकू नये.

आता तारीख. इथून पुढे खरा अभियांत्रिकी प्रश्न. आमच्या घरात सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. एकादश्या, चतुर्थ्या वजा जाता जे उरतं त्यातले बुधवार-शुक्रवार जावईबापूंच्या हिशेबी ‘वीकडेज’. म्हणजे रविवार. 1 मे ला शुक्रवारची सुटी होती. पण त्या दिवशी महाराष्ट्र दिन, कामगार दिन, शिवाय यंदा बुद्धपौर्णिमा. भरीला 2022 साली तेव्हाच्या छत्तीसगड सरकारने तोच दिवस बोरे-बासी खाण्याचा म्हणून ठरवलेला. आदल्या रात्रीचा पाण्यातला भात, कांदा, मिरची खाऊन झाल्यावर माणूस मासे धरत नाही, झोपतो. 3 मे ला नागपूरला लग्न. 10 मे ला जावईबापू अजून टेक्सासात. ते आले 16 मे ला, शनिवारी संध्याकाळी, दोन बॅगा कपड्यांच्या आणि एक लांबोडकी बॅग गळांची घेऊन. आणि 17 मे पासून अधिक मास.

अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना. तो संपतो 15 जूनला. बरं, 16 जूनपासून जाऊ म्हणावं, तर त्याच दिवशी छत्तीसगडात मासेमारीची सरकारी बंदी लागते, माशांच्या विणीचा काळ म्हणून, थेट 15 ऑगस्टपर्यंत. मत्स्य विभाग आणि पंचांगकर्ते यांनी फोनवर बोलून घेतलं असणार, याबद्दल मला शंका नाही. बंदी नदीला, नदीशी जोडलेल्या पाण्याला. सुट्या तळ्याला ती लागत नाही असं रेल मिलवाल्या काकांनी निदर्शनास आणलं. पण जावईबापूंचं परतीचं विमान बंदीच्या आधीचं.

अधिक मासात जावयाचं स्थान काय असतं, हे टेक्सासच्या माणसाला समजावणं अवघड गेलं. सगळा महिना घरात त्यांचाच मान. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, वर चांदीचा दिवा. मागतील ते द्यायचं. आणि ते मागत होते मासा. जो या एकाच महिन्यात घरात येऊ शकत नव्हता. माझ्या आईने त्यांना चौथा अनारसा वाढत विचारलं, “जावईबापू, आणखी काही हवं का?” आणि त्यांनी अतिशय नम्रपणे म्हटलं, “आजी, तळ्यावर जाऊन येऊ का?”

बॅग उघडली ती दुपारी, सगळ्यांच्या समोर. काठ्या दोन तुकड्यांच्या, रिळं चकचकीत, दोरा इतका बारीक की रेल मिलवाल्या काकांनी मायक्रोमीटर आणायला पोरगं घरी पिटाळलं. पण मंडळी थांबली ती बेडकापाशी. हिरवा रबरी बेडूक, अंगठ्याएवढा. पोट पिवळसर, आतून पोकळ. दाबलं की फुस्स करून आत जातं. मागच्या पायांच्या जागी रबराच्या झिरमिळ्या. पाठीवर दोन आकडे, टोकं वर करून अंगाला इतके चिकटलेले की बोट फिरवलं तरी लागत नाहीत. म्हणून तो जलपर्णीवरून ओढला तरी कुठे अडकत नाही. माशाने तोंडात धरला की पोट दबतं, आणि आकडे तेव्हा बाहेर येतात. दादांनी तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच दुसऱ्याच्या शास्त्राबद्दल आदर दिसला.

“केवढ्याला?” आईने विचारलं.

जावईबापूंनी डॉलर सांगितले, अकाउंट्सवाल्यांनी ते रुपयांत केले. नऊशेच्या घरात गेले.

“नऊशे रुपयांचा बेडूक,” आई म्हणाली. “मृगाचा पाऊस पडला की अंगणात फुकट येतात.”

पण हा बेडूक इथे कामाचा आहे, आणि हीच या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट. बास नसला तरी आपल्याकडे मरळ आहे. छत्तीसगडीत खोखसी. तीही तशीच दबा धरणारी, तशीच बेडकावर तुटून पडणारी. अमेरिकेत बासासाठी घडवलेले हे बेडूक भारतातले हौशी लोक मरळीसाठीच वापरतात. शिवाय उन्हाळा मरळीला बाधत नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, रोहू-कटला पहाटे तोंड वर काढून कासावीस होतात. मरळीला मात्र थेट हवेतून श्वास घेता येतो. अधूनमधून पृष्ठभागावर येते, एक घुटका हवा घेते, पुन्हा चिखलात. बाजारात ती टोपलीत तासन् तास जिवंत असते ती त्यामुळेच. हे ऐकून जावईबापूंचे डोळे चमकले. रेल मिलवाल्या काकांनी मरळीची सरासरी लांबी विचारली.

राहिला धर्म. त्यावर तोडगा काढला जावईबापूंनीच. तिकडे म्हणे बरेच लोक मासा धरतात आणि सोडून देतात. हात ओले करून धरायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. चटकन आकडा काढायचा, फोटो, आणि पाण्यात. खायचा नाही, मारायचा नाही. मग अधिक मास मोडला कुठे? अकाउंट्सवाल्यांनी हा युक्तिवाद निर्दोष ठरवला.

आईने तो शांतपणे ऐकला. “म्हणजे जेवायला बोलवायचं, घशात काटा अडकवायचा, फोटो काढायचा आणि या आता म्हणायचं,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “माशांना कणकेचे गोळे घातले तर पुण्य लागतं. तेहतीस गोळे मी मळून देते. फक्त त्यात तो आकडा घालू नका.”

मच्छीमार समितीच्या माणसाला फोनवर हीच योजना आकड्यासकट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. “धरहू, अउ फेर छोड़ देहू?” त्याने खात्री करून घेतली. “त धरहू काबर?”

मग धरायचा कशाला, या प्रश्नावर बैठकीत अजून एकमत झालेलं नाही. बाकी सगळं ठरलं आहे. 14 जून, रविवार, पहाटे साडेचार. नवतपा सरलेला असेल. मृगाचा एखादा शिडकावा झाला तर उत्तम, नाहीतर ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाने खिशात कांदा ठेवायचा. अधिकात कांदा चालत नाही, पण खिशात चालतो, असा आईचा निर्वाळा. डब्यात थालीपीठं आणि कैरीचं पन्हं. दादा चार आदल्या दुपारीच भाजणार आहेत, तेव्हा गल्लीत खिडक्या लावून घ्यायची सूचना फिरली आहे. मासा सोडण्यापूर्वी मोजायची जबाबदारी काकांनी घेतली असून सोडून दिलेल्या माशाचा दर किलोला कसा लावावा, यावर अकाउंट्सवाले एक टिपण तयार करत आहेत.

परवा मच्छीमार समितीच्या माणसाचा फोन आला. तळ्याचं पाणी फार उतरलंय, म्हणाला. आठ दिवस आधीच जाळं ओढून सगळी मासळी काढून घेणार. चौदाला या, मासा नसेल, पण सावली आहे, जागा भरपूर आहे. यावर संध्याकाळी तासभर चर्चा झाली आणि तारीख बदलण्याचं कारण दिसत नाही असं सर्वानुमते ठरलं.